खडूवरची रेघ

रेघ उमटायला अर्धा तास लागला.

तोवर आसाराम उलट्या डब्यावर बसून होता. इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, आधी डिझेलने धुतलेला, मग रॉकेलमध्ये बुडवून काढलेला, कोरड्या फडक्याने पुसून लख्ख केलेला आणि वरून पांढरा खडू चोळलेला, असा त्याच्यासमोर दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा पडला होता. लिंबागणेश फाट्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी दहालाच अंग भाजत होतं. बाहेरून पाण्याचे टँकर एकामागून एक धूळ उडवत जात होते. पाऊस न झालेलं हे सलग तिसरं वर्ष होतं.

तिसऱ्या जर्नलच्या, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भागाच्या, कोपऱ्यात, जिथे गोल दांडा जाड पाकळीला जाऊन मिळतो तिथे, आधी एक ओला ठिपका आला. मग तो लांबत गेला. बघता बघता पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ ओढली गेली, आणि ती दांड्याच्या निम्म्या घेराला वळसा घालून थांबली.

"काय हाय, दाजी?" बंकटने विचारलं. बंकट म्हणजे आसारामच्या बायकोचा धाकटा भाऊ. पंचवीस वर्षं तो राधाकिशन दादांच्या घरी ड्रायव्हर होता.

"चीर हाय."

"दिसत तर न्हाई."

"डोळ्याला दिसत न्हाई. रॉकेल आत शिरतं, वरून किती बी पुसलं तरी आत ऱ्हातं. खडू त्याला वढून भाईर काढतो." आसाराम उठला. त्याने साखळीला शाफ्ट टांगला आणि छोट्या हातोडीने हलकेच टोला दिला. धड असलेला शाफ्ट देवळातल्या घंटेसारखा बोलतो, आवाज लांबवर घुमत राहतो. हा बोलला नाही. फुटक्या मडक्यासारखा एकदाच बद्दकन वाजला आणि गप्प झाला.

बंकटचा चेहरा उतरला. त्यालाही आवाजातलं कळत होतं.

गाडी राधाकिशन दादांची होती. काळी, गोल बोनेटची, विलायतेत बनलेली, आसारामपेक्षा चार वर्षांनी मोठी. दादांनी ती हैदराबादच्या कुणा नवाबाच्या वारसाकडून आणली होती, आणि तिच्यातूनच गावोगाव हिंडून, पारावर सतरंज्या टाकून, त्यांनी सहकारी साखर कारखान्याचे सभासद केले होते. म्हाताऱ्या माणसांना अजून ती गाडी आठवे. कारखाना उभा राहिला तो तिच्या चाकांवर, असं म्हणत. आता तीन हंगाम उसाचं टिपरू आलं नव्हतं. कारखान्याचं धुराडं थंड होतं, ऊस टाकायच्या गव्हाणीत कबुतरं राहत होती, आणि दहा दिवसांवर संचालक मंडळाची निवडणूक आली होती. दादांचे चिरंजीव सुंदरराव यांच्या मनात आलं की, दादांना त्या गाडीत बसवून मिरवणूक काढायची. गावापासून निघायचं, मांजरसुंब्याचा घाट उतरून कारखान्यावर जायचं, नारळ फोडायचा आणि घाट चढून परत यायचं. बारा वर्षं गोठ्यात पडून राहिलेली गाडी मग ट्रॉलीत घालून आसारामकडे आली. इंजिन सुरू झालं, पण आतून ठोके देत होतं, म्हणून आसारामने ते खोलून शेवटच्या नटापर्यंत सुटं केलं.

मापं त्याने आदल्या दिवशीच घेतली होती. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने उभा मोजला, आडवा मोजला, आणि पाटीवर आकडे लिहून ठेवले. पहिले दोन ठीकठाक होते. तिसरा अंडाकृती झाला होता. नखाने ओढून पाहिलं तर नख खरवडत जात होतं. पण झीज ही आसारामला भ्यायची गोष्ट वाटत नसे. झिजलेला दांडा घासून गोल करता येतो, बेअरिंग जाड बसवता येतं. या शाफ्टला मात्र आधीच तीनदा घासलेलं होतं. आणखी घासला तर त्या मापाचं बेअरिंगच कुठे मिळणार नव्हतं. तरी त्याने मनात काही जुगाड योजलं होतं. मग रात्रभर ते आकडे त्याच्या डोक्यात फिरत राहिले आणि सकाळी उठून, कुणी सांगितलं नसताना, त्याने खडू आणला.

अशी रेघ त्याने आयुष्यात याआधी एकदाच पाहिली होती.

सुंदरराव दुपारी आले. पांढरे कपडे, पायात कोल्हापुरी. ते शाफ्टकडे वाकून बघत राहिले.

"ही एवढीशी रेघ?"

"व्हय साहेब."

"अन् ह्याच्यासाठी गाडी थांबवायची?"

"ह्यो तुटणार हाय साहेब. आज तुटंल का सा म्हैन्यानं, ते मला सांगता येत न्हाई. पण घाट चढताना इंजनावर सगळा भार येतो. तुटला तर तिथंच तुटंल. मागं माणसं चालत असत्याल, ट्रॅक्टर असत्याल. गाडीचे ब्रेक जुन्या काळचे. ती उलटी सुटली तर..."

"एक दिवस चालायचीय रे आसाराम. फक्त एक दिवस." सुंदररावांनी खांद्यावर हात ठेवला. "लोक खचलेत. बायाबापड्या विचारतात, कारखाना सुरू होणार का? मी काय सांगू? पण दादांची गाडी रस्त्यानं चालताना दिसली, की त्यांना वाटंल, कारखाना बी चालंल. समजतंय का तुला?"

आसारामला समजत होतं. वाईट माणूस नव्हता सुंदरराव. म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

"दुसरा शाफ्ट बघा साहेब. सोलापूर, हैदराबाद, भंगारवाल्याकडं..."

"सगळीकडं फोन झाले. ह्या गाडीचं काहीच मिळत न्हाई." त्यांनी हात काढून घेतला. "तू बसवणार का न्हाई ते सांग. न्हाई तर बीडला माणूस हाय माझा. त्यो खडूबिडू लावत बसत न्हाई."

"मी बसवणार न्हाई."

"कावून पण?"

आसारामच्या ओठांवर आलं होतं ते त्याने गिळलं. "मी मेकॅनिक हाय साहेब," एवढंच तो म्हणाला.

"मेकॅनिकच हायस. ज्योतिषी न्हाईस," सुंदरराव म्हणाले आणि गाडीत बसून निघून गेले.

आसारामने शेडच्या खांबाला हात टेकला. अगदी हेच शब्द. एकोणतीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून.

तो जेवायला घरी निघाला तेव्हा गावात टँकर आला होता. चौकात घागरींची रांग लागली होती आणि बायका एकमेकींवर खेकसत होत्या. रांगेच्या अगदी शेवटी, सगळ्यांपासून दोन हात सुटी, साखराबाई उभी होती. ती नेहमी शेवटीच असे. आधी येऊन पोचली तरी मागे जाऊन उभी राही. उत्तरेश्वर ड्रायव्हरची ती बायको. दारू पिऊन ट्रक चालवला आणि स्वतःबरोबर पाच ऊसतोड्यांना घेऊन गेला, त्या उत्तरेश्वरची. तिने पदर पुढे ओढला. आसाराम मान खाली घालून पुढे गेला. एकोणतीस वर्षं तो असाच पुढे जात होता.

घरी भिवराबाईने भाकरी वाढली. बंकट आधीच येऊन बसला होता.

"दाजी, सुंदरराव साहेबांनी बीडचा माणूस बोलवलाय. उद्या इंजन न्यायला येनार."

"तू चालवू नकोस."

"मी न्हाई चालवली तर दुसरा चालवील. अन् दादा बसणार म्हनल्यावर मी न्हाई कसा म्हनू? पंचवीस वर्सं त्या घरचं खाल्लंय." बंकट हसायचा प्रयत्न करत होता. "नवा सदरा शिवायला टाकलाय, दाजी. तुटायचा असला तर मी उतरल्यावर तुटंल."

भिवराबाईने दोघांकडे पाहिलं. "काय तुटतंय?"

आसारामने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि हात धुतला, तोही ताटातच, वाटीभर पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला शेडपुढे दोन गाड्या थांबल्या. एकीतून सुंदरराव आणि बीडचा मेकॅनिक उतरले. दुसरीचं दार बंकटने उघडलं आणि राधाकिशन दादांना दोन्ही काखांत हात घालून उतरवलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे दादा वाळलेल्या शेंगेसारखे झाले होते, पण धोतर कडक होतं आणि डोळे जागे होते. आसाराम पाया पडला. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली.

"माझी गाडी अडवून धरलीस म्हणे," दादा म्हणाले.

"दादा, त्यात बसू नका."

"मी अठ्ठ्याऐंशी वर्सांचा हाय. मला कशाचं भ्या दाखवतोस?"

"तुमचं न्हाई. बंकट हाय. मागं चालणारी माणसं हायत."

बीडच्या मेकॅनिकने शाफ्ट उचलून उजेडात धरला, अंगठा फिरवला. "दादा, वरवरचा ओरखडा हाय. पॉलिश मारून बसवतो. एवढ्यावर गाड्या धा-धा वर्सं चालत्यात."

"चालत्यात," आसाराम म्हणाला. "काही चालत्यात."

"मग?" दादांनी विचारलं. "खडूच्या एका रेघेवर मी काय समजू? हा म्हणतो ओरखडा, तू म्हणतोस चीर. तुला एवढी खात्री कशी?"

आसारामने शेडकडे एकदा पाहिलं. पाटीवरचे आकडे, खुंटीला टांगलेले पट्टे, दारात उभा असलेला बंकट. बंकटच्या अंगावर नेहमीचाच खाकी सदरा होता. आसारामला वाटलं, आता नाही बोललो तर मिरवणुकीच्या दिवशी या माणसाला पांढऱ्या कापडात बघायचं. आणि मग बहिणीने, म्हणजे आपल्याच बायकोने, टाहो फोडायचा, आणि आपण पुन्हा गप्प बसायचं.

"कारण मी अशी रेघ आधी बघितलीय, दादा," तो म्हणाला. "कारखान्याच्या वर्कशॉपात. सत्त्याऐंशी साली."

दादांची मान किंचित वर आली.

"त्या साली बी दुष्काळ होता. ऊस संपला, फेब्रुवारीतच पट्टा पडला, गाळप बंद झालं. तोडवाल्यांना त्यांच्या गावी सोडायला ट्रक निघणार होता. त्याचं ऑइल प्रेशर कमी दाखवत होतं म्हणून मी इंजन खोललं. खडू लावला. रेघ आली. अश्शीच, कोपऱ्यात. इन्चार्ज साहेबांना दाखवली. म्हनलं, साहेब, ह्यो बसवू नका. ते म्हनले, माणसं दोन दिवस झालं उघड्यावर बसलीत, लेकरं रडायलीत, एवढी एक खेप जाऊ दे. नवा मागवू. म्हनले, तू मेकॅनिक हायस, ज्योतिषी न्हाईस."

सुंदररावांनी मान दुसरीकडे वळवली.

"मग मी फडकं घेतलं अन् रेघ पुसली. माझ्या हातानं. अन् बसवला क्रँक."

बाहेर एक टँकर गेला, पत्रे थरथरले.

"उत्तरेश्वर सकाळी माझ्याजवळ च्या प्यायला. विचारलं, झाली का बे माझी गाडी? म्हनलं, झाली. मी त्याला सांगितलं असतं तर त्यानं गाडी नेली नसती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं न्हाई. दुपारी घाटात क्रँक तुटला. इंजन बंद पडलं, ब्रेकला हवा न्हाई. भरलेला ट्रक उलटा सुटला."

"तो प्यायलेला होता," दादा हळू आवाजात म्हणाले. "रिपोर्टात होतं."

"त्यो कधीच पीत नव्हता. माळकरी होता, दादा. ट्रकमधी कुणा तोडवाल्याची बाटली फुटली होती, तिचा वास होता. ट्रक वर्कशॉपात आणला तवा मी खालचा चेंबर खोलला. क्रँकचे दोन तुकडे होते. ज्या जागी तुटला ती जागा चारात तीन हिस्से काळी होती. जुनी चीर तेलानं काळी पडती. आत्ता तुटलेलं लोखंड साखरेसारखं चकाकतं. कुणीबी जाणकारानं बघितलं असतं तर त्याला समजलं असतं. पण रिपोर्ट तवर झालता. इन्चार्ज साहेब म्हनले, भंगारात टाक. मी टाकला. भट्टीत गेला त्यो."

दादांनी डोळे मिटले होते. ते उघडून त्यांनी शाफ्टकडे पाहिलं.

"सुंदर," ते म्हणाले, "घण आण."

"दादा, हा एकच शाफ्ट हाय. तुटला तर गाडी..."

"आण म्हनलं ना."

घण कोपऱ्यातच होता. आसारामने शाफ्टचं एक टोक व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं, फडकं गुंडाळून. कपाळावरचा घाम पुसला. मनात म्हणाला, तुटू नये. एकदा तरी माझं खोटं ठरू दे. धड शाफ्ट माणसाच्या हातच्या घणाने तुटत नाही; वाकेल, खरचटेल, पण तुटणार नाही. त्याने घण उचलला आणि घातला.

पहिल्या घावाला काही झालं नाही. बीडचा मेकॅनिक हसला. दुसऱ्या घावाला कोरडं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि अर्धा शाफ्ट फरशीवर पडून गडगडत दादांच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला.

आसारामने तो दोन्ही हातांनी उचलून दादांच्या समोर धरला. तुटलेल्या तोंडावर अर्ध्याहून जास्त भाग काळा, गुळगुळीत होता. त्यात पाण्याच्या पातळीसारख्या बारीक बारीक वलयांच्या खुणा. उरलेला भाग पांढरा, चकाकता. दादांनी बोट लावून पाहिलं. बोटाला काळं लागलं. ते त्यांनी धोतराला पुसलं नाही, तसंच ठेवलं.

बंकट दारातच खाली बसला.

"उत्तरेश्वरच्या बायकोला सांगितलंस?" दादांनी विचारलं.

"न्हाई."

"मी चेअरमन होतो तवा. तिच्या दारात मी गेलो न्हाई. म्हनलं, दारुड्याच्या दारात कशाला." ते काठीच्या आधाराने उठले. "आधी तू जा. मग मला जाता येईल."

त्या दिवशी आसारामने शेड लवकर बंद केली. घरी पोचला तेव्हा बंकट येऊन गेला होता हे भिवराबाईकडे बघूनच कळलं. ती चुलीपुढे पाठ करून बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"साखराबाईच्या लेकीची सोयरीक मोडली," ती न वळता म्हणाली. "आठवतंय का? परळीकडचं स्थळ होतं. ते म्हनले, बाप दारुडा होता, पाच माणसं मारली. मी ह्याच घरात बसून म्हनले, बरोबर हाय, कोन करील अशा घरची पोरगी. तुमी समोर जेवत होता."

"व्हय."

"तुमी आणखी कालवण मागितलं होतं."

तो उभाच राहिला. तिला आणखी काही म्हणायचं असेल असं त्याला वाटत होतं. पण ती उठली, आणि त्याच्या अंगावरून, त्याला स्पर्श न करता, बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

जायचं असं त्याने रोज ठरवलं आणि रोज पाय मागे घेतला. एकदा साखराबाईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तिथे एक कुत्रं झोपलं होतं, ते उठून भुंकलं, तेवढं कारण त्याला परत फिरायला पुरलं. शेडवर गिऱ्हाईक येत होतं, पण काम होत नव्हतं. हातातला पाना कुठे ठेवला ते आठवत नसे. गावात कुजबुज होती की आसारामने मुद्दाम दादांच्या गाडीचा शाफ्ट तोडला, विरोधी पॅनेलने त्याला फितवलं. खरं कारण शेडमध्ये होते त्या चौघांनाच माहीत होतं, आणि भिवराबाईला. त्यांच्यापैकी कुणीच बाहेर बोललं नव्हतं. ते त्याच्यासाठीच ठेवलेलं होतं.

मिरवणूक ठरल्या दिवशीच निघाली. सुंदररावांनी इंजिन नसलेली गाडी धुऊन घेतली, बोनेटला झेंडूच्या माळा घातल्या आणि पुढे ट्रॅक्टर जोडला. दोरीने ओढत ती काळी गाडी फाट्यावरून आली. बँड वाजत होता. स्टिअरिंगवर नव्या सदऱ्यातला बंकट होता. मागची सीट रिकामी. घाटात जायचंच नाही, असा दादांचा हुकूम होता. फाट्यावरून वळसा घेऊन परत. लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहून बघत होते, पण घोषणांना जोर येत नव्हता. एक म्हातारा आसारामच्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मुकीच हाय की गाडी," आणि तंबाखू मळत निघून गेला.

मागच्या जीपमध्ये दादा होते. शेडसमोर येताच त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला काठी लावली. जीप थांबली. त्यांनी आसारामकडे पाहिलं.

"गेलतास का?"

आसारामने मान खाली घातली. जीप पुढे गेली. त्यामागून कारखान्याचे जुने कामगार चालत होते, वर्कशॉपातले, गव्हाणीवरचे, ज्यांच्याबरोबर त्याने सत्तावीस वर्षं डबा खाल्ला होता. त्यांतले दोघे-तिघे त्याच्याकडे बघून हसले. ते हसणं त्याला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर यायच्या वेळेला तो साखराबाईच्या घरी गेला. ती दारातच होती, घागर काखेला लावून निघालेली. साठीची, काटक, डोक्यावर पदर. त्याला बघून थबकली.

"भाऊजी? आज इकडं?"

तिने त्याला भाऊजी म्हटलं आणि त्याच्या पाठ केलेल्या सगळ्या वाक्यांचं पाणी झालं. मग त्याने जसं आलं तसं सांगितलं. रेघ, फडकं, चहा, भंगार. अंगणात उभ्या उभ्या. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तो तिच्या घागरीकडे बघून बोलला. घागरीला एक पोचा होता.

त्याचं बोलून झालं. साखराबाई रडली नाही. एकदा तिचा श्वास लांबला, जड ओझं उतरवताना लांबतो तसा, पण ओझं उतरल्यासारखं तिच्याकडे बघून वाटलं नाही.

"त्यो पीत नव्हता," ती शेवटी म्हणाली. "मला तुमी नवं काय सांगितलं? मी त्याची बायको हाय. मला ठाऊकच होतं."

"वहिनी, मला..."

"मला कावून सांगताव?" तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात काहीतरी ताणलेलं होतं. तिने चौकाकडे बोट केलं. टँकरचा हॉर्न वाजला होता आणि गल्लीगल्लीतून बाया धावत निघाल्या होत्या. "त्यांना सांगा. मला एकोणतीस वर्सं त्यांच्यात उभं ऱ्हावं लागलं. तुमी न्हाई उभं ऱ्हायलात."

ती पुढे निघाली. तो तिच्यामागून गेला.

चौकात तीसेक बाया होत्या, चार-दोन पुरुष, सायकलींना कॅन अडकवलेले. रांग लागली. साखराबाई मागे जाऊन उभी राहिली, नेहमीच्या जागी, दोन हात सुटी. सर्वांत पुढे दगडाबाई होती. ट्रकमध्ये गेलेल्या त्या पाच जणांत तिचा थोरला भाऊ होता. टँकरवाल्याने पाइप सोडला आणि दगडाबाईने घागर खाली धरली.

आसाराम टँकरच्या चाकापाशी जाऊन उभा राहिला. "जरा ऐका," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. त्याने टँकरच्या पत्र्यावर हाताने थाप मारली. "ऐका!"

माना वळल्या.

त्याचा आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. त्याने उत्तरेश्वरचं नाव घेतलं, त्या ट्रकचं सांगितलं, साल सांगितलं. म्हणाला, तो दारू प्यायलेला नव्हता. इंजिनातला शाफ्ट तुटलेला होता, तो तुटणार आहे हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं, मी रेघ पुसली आणि बसवला, आणि नंतर पुरावा भंगारात घातला. ती पाच माणसं आणि उत्तरेश्वर, सहा जण माझ्या गप्प बसण्यानं गेले.

पाइपातून पाणी पडत होतं, तेवढाच आवाज होता. घागर भरून वाहायला लागली तरी दगडाबाईला भान नव्हतं. मग तिने मागे साखराबाईकडे पाहिलं, परत आसारामकडे पाहिलं. तिचा हात वर आला. ती मारणार असं सगळ्यांना वाटलं. आसारामलाही वाटलं, आणि तो हलला नाही.

तिने हात खाली घेतला. वाकून आपली भरलेली घागर पाइपाखालून ओढली, बाजूला ठेवली, आणि वाट मोकळी केली. तिच्या मागच्या बाईनेही आपली घागर पुढे सरकवली नाही. एक एक करत बाया सरकल्या. पाइपापासून रांगेच्या टोकापर्यंत, साखराबाईपर्यंत, माणसांमधून एक वाट झाली.

साखराबाई जागची हलली नाही. घागर काखेला, पदर दातांत. पाणी पाइपातून सरळ जमिनीवर पडत होतं, तापलेल्या मातीत मुरत होतं, पुन्हा वर येऊन बायांच्या पायांपर्यंत पसरत होतं. तीन वर्षांत त्या चौकात कुणी असं पाणी सांडताना पाहिलं नव्हतं, आणि तरी कुणी घागर पुढे करेना.

साखराबाईने दातातला पदर सोडला.

"घागर लाव गं कुणीतरी," ती म्हणाली. "पानी वाया चाललंय. माझा नंबर आला की मी येते."